अर्धं सांगितलेलं दुखणं

नदीकाठच्या एका गावात एक शेतकरी राहत होता. दोन एकर बागायत, एक विहीर, दावणीला दोन म्हशी. तरुणपणी त्यानं बरीच वर्षं ट्रकवर काढली होती. पुढं वडील थकले, तसा तो गावी परतला आणि मातीत रमला. वांगी घ्यावीत तर त्याच्याकडूनच, असं बाजारात बायका म्हणत. पन्नाशी ओलांडली तरी उजाडायच्या आत तो शेतात असे.

तीन वर्षांपूर्वी त्याला मधुमेह निघाला. गावातल्या डॉक्टरांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. एक नेहमीची आणि दुसरी रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर काढणारी. दुसरी गोळी देताना ते म्हणाले, "या गोळीनं काहींना लघवीच्या जागी खाज सुटते, बुरशी धरते. तसं काही वाटलं तर लगेच सांगा, लाजू नका." शेतकऱ्यानं मान डोलावली.

पहिले काही महिने त्यानं गोळ्या नेमानं घेतल्या. अंगात तरतरी आली. मग बरं वाटतंय तर गोळी कशाला, असं त्याच्या मनानं घेतलं. एक दिवस घ्यायची, दोन दिवस राहायची. कुणी जांभळाच्या बियांची पूड सांगितली, ती घेतली. कुणी कारल्याचा रस सांगितला, तोही प्यायला. टपरीवरचा गोड चहा मात्र सुटला नाही.

मग एका वर्षी वांग्यावर मावा पडला. त्यानं फवारणी केली. आठ दिवसांनी मावा परत आला. औषध बदलून दुसरी फवारणी केली, मग तिसरी. मावा जाई आणि येई. शेवटी कृषी सहायक बांधावर आले. त्यांनी पान हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, "युरिया किती टाकला?" शेतकऱ्यानं खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "युरिया जादा झाला की झाड हिरवंगार दिसतं, पण पान लुसलुशीत होतं. किडीला तेच हवं असतं. आधी खत आवरा, मग फवारणी लागू पडेल." त्यानं खत आवरलं. पुढच्या फवारणीनं मावा आटोक्यात आला.

पावसाळा सरत आला होता. एक दिवस आंघोळ करताना लघवीच्या जागी त्याच्या हाताला दोन-तीन बारीक पुटकुळ्या लागल्या. दुखत नव्हत्या, खाजत नव्हत्या. उष्णतेनं आलं असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. दिवाळीपर्यंत त्यांची संख्या वाढली. मऊ, खरखरीत कोंब एकाला एक लागून उभे राहिले. ते पाहून तो घाबरला.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. गावातले डॉक्टर त्याच्या चुलतभावाचे जावई होते. त्यांच्यापुढं कसं जावं? महिन्याच्या तपासणीला तो गेला, तेव्हा डॉक्टरांनी आठवणीनं विचारलं, "खाली काही त्रास? खाज, जखम?"

"काही नाही," तो म्हणाला.

"गोळ्या रोज घेता?"

"घेतो की."

पारावरच्या एका म्हाताऱ्याला त्यानं आडून विचारलं. चामखीळ कशानं जाते? मानेवर आहे, असं सांगितलं. म्हातारा म्हणाला, चुना आणि सोडा कालवून लाव, गळून पडेल. मानेचा उपाय त्यानं त्या नाजूक जागी केला. रात्रभर आग आग झाली. सकाळी कातडी सोलवटली होती. दुसऱ्याची जखम आठवड्यात सुकली असती, याची तीन आठवडे ओलीच राहिली. कोंब तिथंच होते. बायकोनं विचारलं, "अहो, असे का चालताय?" तो म्हणाला, "बाभळीचा काटा लागलाय."

मग बियाणं आणायचं निमित्त करून तो एसटीनं लांबच्या शहरात गेला. तिथं त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाटीखाली तो बराच वेळ उभा राहिला, मग जिना चढला.

डॉक्टरांनी शांतपणे तपासलं. म्हणाले, "या चामखिळी आहेत, पण हातापायाला येतात त्या नाहीत. एचपीव्ही नावाच्या विषाणूनं त्या होतात. शंभराहून जास्त जातींचा हा विषाणू. त्यातल्या ६ आणि ११ नंबरच्या दोन जाती बहुतेकदा या दुखण्यामागं असतात. शरीरसंबंधात कातडीला कातडी लागून तो पसरतो. या दोन जातींनी सहसा कॅन्सर होत नाही, तेव्हा ती भीती नको. पण चुना, सोडा, कुरूपाची पट्टी, असलं काही या जागेला पुन्हा लावू नका."

मग त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "शुगर आहे का तुम्हाला?"

शेतकऱ्याच्या मनात आलं, हो म्हटलं तर हे म्हणणार, आधी साखर आणा खाली. गावच्या डॉक्टरांना चिठ्ठी देणार. मग सगळं उघडं पडणार. तो म्हणाला, "नाही साहेब."

डॉक्टरांनी कागदावर तसं लिहिलं. तरी त्यांनी रक्ताच्या तपासण्यांची चिठ्ठी दिली. साखर, गरमी आणि एचआयव्ही. शेवटचा शब्द वाचून त्याच्या छातीत धस्स झालं. एसटी स्टँडवर त्यानं ती चिठ्ठी फाडून टाकली.

भाजलेली जखम भरून आल्यावर तो पुन्हा गेला. डॉक्टरांनी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजननं कोंब गोठवले. "दोन आठवड्यांत खपल्या पडतील," ते म्हणाले. रक्ताचा रिपोर्ट विचारला, तर हा म्हणाला, घरी राहिला. खपल्या पडायला महिना उलटला. दोन महिन्यांनी त्याच जागी नवे कोंब आले, आधीपेक्षा जास्त. डॉक्टरांनी पुन्हा गोठवले. पुन्हा जखम रेंगाळली, आणि या वेळी तिथं पांढरट थर धरला, कातडीला चिरा पडल्या, खाज थांबेना. डॉक्टर कोड्यात पडले. "तुमच्या वयाच्या माणसाला एवढा वेळ लागायला नको," ते म्हणाले. शेतकरी खाली पाहत राहिला.

गावातले डॉक्टरही कोड्यात होते. दोन-दोन गोळ्या देऊनही साखर उतरत का नाही, हे त्यांना कळत नव्हतं. एकाला साखर माहीत होती, दुसऱ्याला कोंब माहीत होते. दोघंही जाणते होते. दोघांच्याही हाती निम्माच माणूस आला होता.

उन्हाळ्यातल्या एका रात्री त्याला हुडहुडी भरली. कातडी इतकी सुजली की मागं सरेना. लघवी थेंब थेंब होऊ लागली. आता बायकोपासून लपवणं जमलं नाही. तिनं शेजारची जीप बोलावली, कपाटातली साखरेची फाईल पिशवीत घातली आणि त्याला उपजिल्हा रुग्णालयात नेलं.

रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. बोटातून थेंबभर रक्त काढलं, साखर ३८६ भरली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी केली, ती ११ टक्क्यांवर गेलेली. बहुतेक मधुमेहींची ती ७च्या आसपास ठेवायची असते. सलाईन लागलं, इन्शुलिन सुरू झालं, जंतुसंसर्गावर औषधं सुरू झाली. सदऱ्याच्या आतल्या खिशात सिस्टरना शहरातल्या दवाखान्याचा कागद सापडला. त्यांनी तो बाईंच्या हातात दिला.

सकाळी बाई खाटेजवळ आल्या. त्यांनी एका हातात फाईल धरली होती आणि दुसऱ्या हातात तो कागद. फाईलवर तीन वर्षांचा मधुमेह होता, जननेंद्रियाची तक्रार नाही, असं लिहिलं होतं. कागदावर चामखिळी होत्या, मधुमेह नाही, असं लिहिलं होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "या दोन्ही कागदांवरचा माणूस एकच आहे ना?"

शेतकऱ्यानं डोळे मिटले. मग त्यानं सगळं सांगितलं. गोळ्या कशा राहिल्या, चुना कसा लावला, चिठ्ठी कशी फाडली. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. तो थांबला तेव्हा त्या स्टूल ओढून बसल्या.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "आपण कोंब गोठवतो, जाळतो, कापतो. तेवढ्यानं दिसतं ते जातं. आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत विषाणू उरतोच. त्याला दाबून ठेवायचं काम तुमच्या स्वतःच्या शरीराला करावं लागतं. निरोगी माणसातही हे कोंब पहिल्या काही महिन्यांत परत येऊ शकतात. मग शरीर हळूहळू त्यांच्यावर मात करतं. पण साखर वाढलेली राहिली की रक्तातल्या लढणाऱ्या पेशी मंदावतात. बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जखमेला पुरेसं रक्त पोचत नाही. म्हणून कोंब वाढतात, परत येतात आणि उपचारांची जखमही भरत नाही. त्यात लघवीतून साखर जात राहिली की त्या जागी बुरशीला आयतं खाद्य मिळतं. गावच्या डॉक्टरांनी तुम्हाला खाजेचं विचारलं ते याचसाठी."

शेतकरी बराच वेळ गप्प होता. मग तो म्हणाला, "म्हणजे मी फवारणीच करत राहिलो. युरिया आवरलाच नाही."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "अगदी तेच," त्या म्हणाल्या.

त्यांनी साखर लघवीवाटे काढणारी गोळी बंद केली. त्याची परवानगी घेऊन गावातल्या डॉक्टरांना फोन केला. शहरातल्या डॉक्टरांच्या नावे एक पत्र लिहिलं. आणि त्याला त्याच रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये पाठवलं. सरकारी दवाखान्यांत हे क्लिनिक असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दार लावून बोलणारी एक समुपदेशक ताई तिथं होती. इथलं बोललेलं बाहेर जात नाही, हे तिनं आधीच सांगितलं. तपासणीला पैसे पडले नाहीत. ज्या तपासण्यांना तो घाबरला होता, त्याच झाल्या. एचआयव्ही नव्हता. गरमी नव्हती. सहा महिने ज्या भीतीनं त्याची झोप नेली होती, ती दुपारपर्यंत संपली.

ताई म्हणाली, "आता घरात सांगायला हवं. त्यांचीही तपासणी व्हायला हवी."

त्याला ते सर्वांत जड गेलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, तो बायकोला म्हणाला, "अगं, बस जरा." दुखण्याचं नाव सांगितलं. ट्रकवरच्या दिवसांत, लग्नानंतरही, आपण कुठं चुकलो तेही सांगितलं. हा विषाणू महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं शरीरात गप्प बसू शकतो, त्यामुळं तो कधी आणि कुठून आला हे कुणालाच ठरवता येत नाही, असं दवाखान्यात सांगितलं होतं. तेही तिला सांगितलं, पण त्याच्या आड तो लपला नाही.

ती काही बोलली नाही. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी धार काढून आली आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मलाही आहे. गेल्या दिवाळीपासून. मला वाटलं, माझंच काहीतरी झालं असेल. कुणाला सांगू?" मग थोडं थांबून म्हणाली, "राग आहे मला. तो एका दिवसात जायचा नाही. पण दवाखान्यात मी येणार."

दोघं गेले. डॉक्टरीण बाईंनी तिला तपासलं. तिचे कोंब थोडे होते. त्यांनी स्वतः जपून त्यांवर ॲसिडचं औषध लावलं. तीन-चार वेळा जावं लागलं, आणि ते गेले. गर्भाशयाच्या मुखाचीही तपासणी केली. कोंब आणणाऱ्या जाती वेगळ्या आणि कॅन्सरकडं नेणाऱ्या १६, १८ या जाती वेगळ्या, पण त्यांचा रस्ता एकच, म्हणून या वयाच्या बाईनं ही तपासणी करून घ्यायलाच हवी, असं बाई म्हणाल्या. ती तपासणी चांगली आली. उपचार सुरू असेपर्यंत संबंध टाळा, पुढं निरोध वापरा, असं दोघांना सांगितलं. निरोधानं धोका कमी होतो, झाकली न जाणारी कातडी उरते म्हणून पूर्ण जात नाही, हेही सांगितलं.

शेतकऱ्याच्या कोंबांना मात्र बाईंनी लगेच हात लावला नाही. "आधी जखम भरू दे, साखर उतरू दे," त्या म्हणाल्या. आता गोळ्या आणि इन्शुलिन बायकोच्या डोळ्यांसमोर घेतलं जाऊ लागलं. टपरीवरचा चहा बिनसाखरेचा झाला. शेतातली खेप झाली तरी संध्याकाळी तो नदीपर्यंत चालत जाई. रोज आंघोळीला ती जागा साध्या पाण्यानं धुवून कोरडी करायची, एवढी शिस्त लागली. बुरशी गेली. चिरा मिटल्या. तीन महिन्यांनी सरासरी साखर पुन्हा तपासली. ११वरून ती ७.४वर आली होती.

मग तो शहरातल्या डॉक्टरांकडं गेला. या वेळी दोन्ही कागद एकाच पिशवीत होते. "साहेब, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो," तो म्हणाला. डॉक्टरांनी पत्र वाचलं. म्हणाले, "आता आपल्याला काम करता येईल."

त्यांनी इमिक्विमॉड नावाचं मलम दिलं. आठवड्यातून तीन रात्री, एक आड एक, फक्त कोंबांवर पातळ लावायचं आणि सकाळी साबणाच्या पाण्यानं धुवायचं. जास्तीत जास्त १६ आठवडे. "हे मलम कोंब जाळत नाही," डॉक्टर म्हणाले. "ते तिथल्या तिथं तुमच्या शरीराला जागं करतं. लढायचं शरीरालाच आहे. म्हणून मलमाइतकीच साखर सांभाळा. लाली येईल, थोडी आग होईल. फार सोललं तर थांबवा आणि या."

सहाव्या आठवड्यात कोंब बारीक होऊ लागले. तेराव्या आठवड्यात कातडी साफ झाली. पुढं दोन महिन्यांनी एक नवा दाणा हाताला लागला. त्यानं तो लपवला नाही. दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तो गोठवला. या वेळी दोन आठवड्यांत खपली पडली आणि खाली नवी कातडी आली. त्यानंतर पुन्हा काही आलं नाही.

शेवटच्या तपासणीला बायको सोबत होती. निघता निघता तिनं विचारलं, "नातीला असं होऊ नये म्हणून काही आहे का?" डॉक्टर म्हणाले, "लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं ती २०२३ साली बाजारात आणली. ६, ११, १६ आणि १८ या चारही जातींपासून ती राखते. झालेले कोंब तिनं जात नाहीत, म्हणून संसर्गाच्या आधी घ्यायची. १४ वर्षांपर्यंत दोन डोस, त्यानंतर २६ वर्षांपर्यंत तीन. मुलांनाही देता येते." नात अकरा वर्षांची होती. शाळेच्या सुट्टीत तिला पहिला डोस मिळाला.

शेतकऱ्याचा गावात पूर्वीसारखाच वावर होता. फक्त एक गोष्ट बदलली. साखर असलेला कुणी पारावर चामखिळीचा उपाय विचारू लागला, की तो त्याला बाजूला घेई आणि विचारी, "कुठं आहे, खरं सांग." खरं कळलं की सुरक्षा क्लिनिकचा पत्ता देई. कुणी फार लाजला, तर स्वतः सोबत जाई.

शरीर एकच असतं. आपण लाजेपायी त्याचे वाटे घालतो. हे या डॉक्टरला सांगायचं, ते त्या डॉक्टरला, आणि एखादं कुणालाच नाही. रोग मात्र वाटे मानत नाही. साखरेचा परिणाम डोळ्यांवर होतो, पायांवर होतो, तसाच आपण नाव घ्यायला कचरतो त्या जागेवरही होतो, आणि तिथल्या उपचारांवरही होतो. औषध देणाऱ्याचं ज्ञान कितीही मोठं असलं, तरी ते आपल्या सांगण्यातल्या खरेपणावरच उभं राहतं. म्हणून मधुमेह असलेल्या माणसानं अशी गाठ, कोंब, चीर, खाज दिसताच डॉक्टरांना दाखवावी आणि साखरेचं जे असेल ते तिथंच सांगावं. क्षणभर मान खाली जाईल. पण पूर्ण सांगितलेल्या दुखण्यालाच पूर्ण उपचार मिळतो.